पाहुणे वक्ते आणि श्रमदान एकाच दिवशी: आधी पोती, मग भाषण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचा सेवा क्लब आहे, सभासद अडतीस. २० डिसेंबरला, गाडगे महाराजांच्या पुण्यतिथीला, चार किलोमीटरवरच्या खेड्यात नाल्यावर वनराई बंधारा, म्हणजे वाळू-मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, बांधायचा आणि त्याच दिवशी नागपूरहून एक नावाजलेले वक्ते आणायचे. गेल्या वर्षी दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला, भाषण पाऊण वाजता संपलं, चाळीस पोती टाकून मंडळी जेवायला गेली आणि जानेवारीत नाला कोरडा. यंदा वक्ता कोण असावा, भाषण आधी ठेवावं की नंतर, मानधन द्यावं का, माणसं आणि सामान किती लागेल, हे तुम्ही विचारलंय.

भाऊ, अडचण वक्त्याची नाहीच. एका सकाळीत दोन कार्यक्रम कोंबले आहेत, त्यातला एक ताणला जातो आणि दुसरा ताणता येत नाही, ही खरी अडचण. डिसेंबरात मन लावून काम होईल असे साडेतीन तास हाती असतात. सभा आधी ठेवली की तिचा प्रत्येक उशीर श्रमदानाच्या वाट्यातून जातो. तीच सभा शेवटी ठेवली, आणि पलीकडे रोडगे भाजल्याचा वास येत असला, की ती आपोआप आटोपते. ज्यांची पुण्यतिथी तुम्ही करताय त्यांचीही रीत हीच होती. गावात आल्या आल्या खराटा हाती घ्यायचा, दिवसा रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री. ऐकणारा माणूस तोवर कामात सामील झालेला असायचा, म्हणून त्याला ते लागू पडायचं. म्हणजे भाषण शेवटी, बांधाच्या काठावर, वीस मिनिटं. बाकी सगळं या एका निर्णयाभोवती बसवा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट तारीख. वनराई बंधारा वाहतं पाणी अडवण्यासाठी असतो. नाल्याला धार नसेल तर तो नुसता पोत्यांचा ढीग. यवतमाळकडे पाऊस ऑक्टोबरात माघारी जातो आणि लहान नाले त्यानंतर किती दिवस टिकतील हे त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. नोव्हेंबरच्या मध्यावर नाल्यावर जाऊन धार बघा, आठ दिवसांनी पुन्हा बघा. निम्म्यावर आली असेल तर २० डिसेंबरची वाट बघू नका. बांध नोव्हेंबरातच बांधा आणि पुण्यतिथीला त्याची गळती बुजवणं, माथा नीट करणं, गावसफाई आणि भाषण ठेवा. पुण्यतिथीचा मान त्यानं कमी होत नाही.

दुसरं, डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेवढे दिवस अधिकारी मंडळी त्या धावपळीत असतात. सरकारी खात्यातला वक्ता किंवा गटविकास अधिकारी पाहुणे म्हणून हवे असतील तर अधिवेशनाच्या तारखा बघूनच शब्द घ्या, नाहीतर आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि मग मिळेल त्याला माईक द्यावा लागतो.

तिसरं, शेतीचं वेळापत्रक. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, चण्याला ओलित (पाणी देणं) असतं, तूर शेंगांवर असते. वेचणी दव वाळल्यावर सुरू होते, म्हणून सकाळी सात ते नऊ हा वेळ कापूसवाल्याकडे असतो. साडेनऊनंतर तो आणि वेचणाऱ्या बाया वावरात जाणारच. त्यांना अडवून धरणं म्हणजे त्यांचा रोज बुडवणं. ओलितवाल्याचं वेगळं. त्या आठवड्यात शेतीची लाईन (वीज) रात्रीची असेल तर तो पहाटे घरी येऊन झोपतो. त्याला सातला हाक मारलीत तर येईल, पण काम करणार नाही. आपल्या फीडरला त्या आठवड्यात दिवसाची लाईन आहे की रात्रीची, हे लाईनमनला विचारून मग दिवस पक्का करा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, हे सांगायला नकोच.

मी पुढे जे आकडे देतोय ते तुमच्याकडच्या काळ्या मातीच्या नाल्याचे आहेत. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे काम बहुतेक वेळा मालगुजारी तलावाच्या पाटाचं किंवा बेशरम नावाचं तण उपटण्याचं निघतं, तिथे हे गणित लागू नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरी खाऱ्या, म्हणून अडवलेल्या गोड्या पाण्याची किंमत जास्त, पण नाल्याचे काठ फार ढासळतात. तिथे बांधाची उंची कमीच ठेवावी.

जागा अशी निवडा. नाला सरळ वाहतोय, पात्र अरुंद आहे, दोन्ही काठ उभे आणि घट्ट आहेत, तळाला वाळूखाली मुरूम लागतोय. वळणाच्या जवळ बांधू नका, पाणी बाहेरच्या काठाला घासतं आणि बांधाच्या बगलेतून निघून जातं. वरच्या बाजूला कोणाच्या वावरात पाणी शिरणार नाही ना, हे डोळ्यांच्या अंदाजानं ठरवू नका. पारदर्शक पाणीनळी घ्या, बांधाच्या माथ्याची पातळी वर शंभर मीटरपर्यंत काठावर न्या आणि खुंट्या ठोका. खुंटी धुऱ्याच्या (वावराच्या कडेच्या) वर निघाली तर उंची कमी करा. तुरीच्या मुळात पाणी साचून झाडं पिवळी पडली, तर तो शेतकरी पुढच्या वर्षी तुमच्या क्लबला नाल्यावर पाय ठेवू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीचा ठराव, दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांची लेखी संमती आणि तलाठ्याकडून सातबारा बघून जागेची नोंद. आपल्या विदर्भात एक खास खोच आहे: नाल्याकाठच्या जमिनीवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असू शकते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच धरली आहे, तेव्हा अशी नोंद दिसली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र दिल्याशिवाय तिथे टिकास (कुदळ) मारू नका. वाळू पात्रातलीच वापरायची, ट्रॉली भरून दुसरीकडून आणायची नाही. आचारसंहिता लागू असेल तर पाहुण्यांची यादी आणि बॅनर तहसीलला विचारूनच ठरवा.

आता पोत्यांचं गणित, कारण गेल्या वर्षी तुमचं इथेच चुकलं. समजा नाला माथ्याला सहा मीटर, तळाला पाच मीटर रुंद आहे आणि बांध एक मीटर उंच हवा. पाया १.८ मीटर, माथा ०.६ मीटर. छेद निघतो १.२ चौरस मीटर. सरासरी लांबी साडेपाच मीटर, त्यात दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर घुसवायचा म्हणून साडेसहा धरा. एकूण ७.८ घनमीटर. सिमेंटचं ५० किलोचं रिकामं पोतं पाऊण भरलं की दाबून बसल्यावर ०.०२७ घनमीटरच्या आसपास जागा घेतं. सगळा बांध पोत्यांचाच केला तर २९० पोती लागतात. मध्ये एक तृतीयांश गाभा काळ्या मातीचा ठेवला तर १९० ते १९५ पुरतात. फाटकी, उसवलेली धरून दहा टक्के जास्त, म्हणजे २१५ पोती जमवा. गेल्या वर्षीची चाळीस म्हणजे बांधाचा पाचवा हिस्सा. अशा बांधानं पाणी अडत नाही, पाण्याला फक्त वळसा पडतो.

काळ्या मातीचा गाभा निव्वळ पोत्यांच्या बांधापेक्षा चांगला, कारण पोत्यांच्या भिंतीला कितीही जपलं तरी सांध्यांतून गळती राहतेच. पाणी अडवते ती मधली तुडवलेली माती. पोती तिला जागेवर धरून ठेवतात. म्हणून पोत्यात वाळू किंवा मुरूम भरायचा, काळी माती भरायची नाही. पोत्यातली काळी माती वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि पोतं सैल होतं. गाभ्यात मात्र ती सतत ओली राहते, म्हणून तिथे तीच हवी. दोन ट्रॉली माती पुरते.

पोती सिमेंटची घ्या, ती बांधकामवाल्यांकडे सांगून ठेवली की महिनाभरात जमतात. युरियाची ४५ किलोची पोतीही चालतात, पण आतला प्लास्टिकचा अस्तर काढून टाका, नाहीतर रचलेलं पोतं निसटतं. आणि ती घरी धुवून आणा, नाल्यात नको, कारण खाली जनावरं पाणी पितात. कीटकनाशकाचा माल ज्यात आला ते पोतं, खोकं काहीही आणायचं नाही.

आदल्या दिवशी सहा माणसांचं काम आहे आणि ते वगळलं तर दुसऱ्या दिवसाची सगळी मेहनत वाया जाते. चुन्याच्या फक्कीनं बांधाच्या दोन्ही कडा आखायच्या. त्या पट्ट्यातली मोकळी वाळू, झाडोरा, मुळं काढायची. बरोबर मध्यावर, गाभ्याखाली, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर मुरमापर्यंत खणायचा. दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच मारायची, सब्बल (पहार) लागेल. वाहती धार मध्ये मीटरभर जागा ठेवून तिथून जाऊ द्यायची. ती फट सगळ्यात शेवटी बंद होते. ट्रॉलीतली माती त्याच संध्याकाळी भिजवून गोणपाटाखाली झाकून ठेवा, सकाळी ती तुडवण्याजोगी झालेली असते.

श्रमदानाच्या दिवशी पोतं भरायला तिघांची टोळी: एक पोतं धरणार, एक फावडं मारणार, एक दाभण-सुतळीनं शिवणार. सवय नसलेली टोळी तासाला बारा पोती भरते. सहा टोळ्या तीन तास म्हणजे २१६. बारा-पंधरा माणसं वाहून रचायला, आठ जण माती टाकायला-तुडवायला, चार जण रचणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली. पंचेचाळीस माणसं झाली. साठच्या वर बोलावूच नका. दीडशे लोक आणि पंधरा फावडी असली की सव्वाशे जण उभे राहतात. उभा माणूस आधी फोटो काढतो, मग गप्पा मारतो, मग गाडी काढतो आणि त्याच्यामागे काम करणारेही निघतात. अवजारं अशी: फावडी बारा, घमेली पंचवीस, टिकास चार, सब्बल दोन, दाभणं दहा, धुमस दोन, सुतळी पोत्यामागे एक मीटर. प्रत्येक अवजारावर मालकाचं नाव रंगानं लिहा. श्रमदानानंतरची निम्मी भांडणं हरवलेल्या फावड्याची असतात.

वाळू बांधाच्या वरच्या अंगाची काढा, वीस मीटरच्या आत. खालच्या अंगाला खणू नका. सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी जायला ठेवलेल्या वाटेचं, पाणी पडून तिथे आधीच खड्डा होणार असतो. भरलेलं पोतं चाळीस किलोच्या पुढे जातं, म्हणून ते दोघांनी मिळून उचलायचं. ज्यांना हे झेपत नाही त्यांना शिवणं, माती कालवणं, मोजणं द्या. आणि कृपा करून क्लबमधल्या आणि गावातल्या बायांना थेट चुलीकडे पाठवू नका. सुतळीचा टाका आणि मातीचा चिखल त्यांच्याइतका नीट फार थोड्यांना जमतो.

रचताना चार गोष्टी पाळा. पोतं आडवं, लांबी प्रवाहाच्या दिशेनं आणि शिवलेलं तोंड पाणी येतं त्या बाजूला दुमडून, म्हणजे टाका उसवला तरी पाण्याचा दाब तोंड दाबून धरतो. विटकामासारखी सांधेमोड, खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरचं पोतं. प्रत्येक थर धुमसानं ठोकायचा, मगच पुढचा थर. आणि पोतं पाऊणच भरायचं: गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, शेजारच्याशी मिळत नाही, फटी पडतात. उत्साही पोरं ते तोंडापर्यंत भरतात आणि जास्त काम केलं म्हणून खूश असतात. त्यांना कारण सांगितलं की ऐकतात. मधला गाभा पोत्यांच्या बरोबरीनं पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरात पायानं तुडवत वर आणायचा. पोती आधी वर नेऊन मग माती ओतली तर ती खाली पोकळ राहते आणि आठ दिवसांत खचते.

माथ्यावर मध्यभागी दोन मीटर लांबीचा, पंचवीस सेंटिमीटर खोल सांडवा ठेवा, आणि त्याच्या खाली दीड मीटरपर्यंत दगड किंवा पोत्यांचा एक थर पसरा. सांडवा नसेल तर अवकाळी पावसाच्या एका सरीत पाणी काठावरून जातं आणि काठ कापतं. बंधारे फुटतात ते अशा चार जागी: तळाखालून, कारण वाळू काढली नाही, बगलेतून, कारण खाच मारली नाही, सांध्यातून, कारण पोती गच्च भरली, आणि माथ्यावरून, कारण सांडवा नाही. भिंत मधोमध कोसळल्याचं क्वचितच बघायला मिळतं.

वेळापत्रक असं ठेवा. पावणेसातला जमणं, सातला काम सुरू, जितके आले तितक्यांत. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, नारळ काही नाही. उघड्यावर वाऱ्यात दिवा पेटवायला सात काड्या लागतात, तोवर थंडीनं लोक आखडतात. गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालायचा तर सातच्या आधी दोघांनी घालावा. पावणेनऊला चहा, दहा मिनिटं. सव्वादहाला मधली फट बंद करायची, आणि तेव्हा सगळ्यांना काठावर बोलवा. पाणी थांबतं, मग हळूहळू फुगतं, वाळलेल्या गवताच्या काड्या उलट्या दिशेनं सरकू लागतात. तेवढी पाच मिनिटं कोणी काही बोलू नये. साडेदहाला हातपाय धुणं, पावणेअकराला भाषण, सव्वाअकरापर्यंत प्रश्न, साडेअकराला जेवण. कापूसवाले आणि रोजानं जाणाऱ्या बाया नऊच्या सुमारास निघतील. त्यांना चहासोबत नाश्ता द्या आणि जाऊ द्या. ते भाषणाला थांबले नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

सत्काराचा हिशेब एकदा कागदावर मांडा. बारा मान्यवर, प्रत्येकी शाल, श्रीफळ, नाव, टाळ्या आणि फोटो मिळून तीन मिनिटं. म्हणजे छत्तीस मिनिटं. तेवढ्या वेळात सहा टोळ्या चाळीसपेक्षा जास्त पोती भरतात, गेल्या वर्षीच्या सगळ्या पोत्यांइतकी. सरपंचांसकट सगळ्यांची नावं सूत्रसंचालकानं एका दमात घ्यावीत, हार फक्त वक्त्याला. कोणी रुसेल असं वाटत असेल तर त्यांना आदल्या आठवड्यात घरी जाऊन सांगा की मधली फट बंद करणारं शेवटचं पोतं तुमच्या हातून बसवायचंय. बहुतेक येतात, आणि वेळेवर येतात.

आता वक्ता. नागपूरचे नावाजलेले वक्ते बोलवायला हरकत नाही, पण त्यांना संध्याकाळी तालुक्याच्या सभागृहात ठेवा, तो वेगळा कार्यक्रम होईल. नाल्यावर बोलायला या नाल्याबद्दल ज्याला काही सांगता येईल असा माणूस हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्ह्यातले भूवैज्ञानिक, कृषी विज्ञान केंद्रातले मृदा किंवा पाण्याचे विषयतज्ज्ञ, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले जलसंधारणाचे प्राध्यापक, यांपैकी कोणी मिळालं तर उत्तम. आणखी एक पर्याय लोक विसरतात: शेजारच्या गावातला, सलग तीन-चार वर्षं असा बांध टिकवणारा शेतकरी. अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कप स्पर्धेत उतरला होता. तिकडे श्रमदानाचं नियोजन कोळून प्यालेली माणसं गावोगाव सापडतील. त्यांना व्यासपीठाची सवय नसेल तर भाषण करायला लावू नका, समोर बसवून प्रश्न विचारा.

वक्त्याला एक पानाचं पत्र पाठवा. त्यात एवढं असावं: ऐकणारे पन्नास-साठ, निम्मे शेतकरी, काही पोरं, तीन तास काम करून थकलेले आणि भुकेले, बसायला जमीन, पडदा-प्रोजेक्टर नाही, हातातला भोंगा आहे, बोलायचं वीस मिनिटं, मग प्रश्न. विषय ‘जलसंधारणाचे महत्त्व’ असा देऊ नका, त्यावर कोणीही पाऊण तास बोलू शकतो. विषय प्रश्नाच्या रूपात द्या: “इथे अडवलेलं पाणी कोणकोणाच्या विहिरीत दिसेल आणि कधीपर्यंत?” सोबत नाल्याची रुंदी, उतार, जवळच्या तीन विहिरींची आजची पाण्याची पातळी लिहा. बोली घरची चालेल, वऱ्हाडीत विनोद झाला तर अजून बरं, असंही कळवा. लांबून येणार असतील तर रस्त्याचा वेळ धरा, आणि त्यांना साडेनऊला पोचायला सांगा, भाषणाच्या वेळेला नाही. आले की चार पोती उचलतील, लोकांशी बोलतील आणि भाषणातला निम्मा ठरीव मजकूर आपोआप गळेल.

त्यांच्या हाती खरा आकडा द्या, कारण वक्ते आणि क्लब दोघंही इथे फुगवून बोलतात. सांडव्यापर्यंत पाणी पाऊण मीटर चढतं. पात्राला शंभराला एक उतार असेल तर फुगवटा पंचाहत्तर मीटर वर जातो, आणि साठा भरतो साधारण दीड लाख लिटर. दहा हजारी टँकरच्या पंधरा खेपा. ऐकायला मोठं वाटतं, पण एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक ओलित द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे साचलेलं पाणी एका एकराच्या एका ओलितालाही पुरत नाही. बांधाचा उपयोग होतो तो धार चालू असेपर्यंत उपसलेलं पाणी पुन्हा भरत राहतं म्हणून, काठच्या विहिरींना ओल मिळते म्हणून आणि जनावरांना जानेवारीत पाणी राहतं म्हणून. हे लोकांना सरळ सांगितलं तर ते निराश होत नाहीत. ‘गाव टँकरमुक्त होईल’ असं सांगितलं तर मार्चमध्ये तुमच्यावर हसतात.

मानधनाचं उत्तर सोपं आहे. पहिल्याच फोनवर विषय काढा: प्रवासखर्च आम्ही देणारच, मानधन एवढं देऊ शकतो, चालेल का. सरकारी माणूस बहुधा मानधन घेणार नाही, गाडीची सोय मात्र विचारेल. पाकीट भाषणाआधी, बाजूला घेऊन. शेतकरी वक्त्यालाही तेवढंच मानधन, शालीवर भागवायचं नाही. त्याचाही दिवस मोडलेला असतो.

मनुष्यबळ कमी पडत असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. त्यांचं सात दिवसांचं विशेष शिबिर हिवाळ्यात एखाद्या खेड्यात असतंच, त्यांना सकाळी श्रमदान आणि दुपारी बौद्धिक लागतं. तुमच्याकडे दोन्ही तयार आहे. गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असेल तर सामुदायिक प्रार्थनेला आठ दिवस आधी जा, बोलावणं तिथेच द्या. व्हॉट्सॲपवर ‘येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे येतात असं धरून चाला.

जेवण रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. साठ जणांना कणीक तेरा-चौदा किलो, वांगी बारा किलो, तूरडाळ चार किलो. गोवऱ्यांची आर आठला लावावी लागते, तेव्हा साडेअकराला रोडगे निघतात. चूल लावण्याआधी झाडाकडे वर बघा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली धूर केला तर श्रमदान, भाषण, जेवण सगळं एका मिनिटात संपतं आणि माणसं दवाखान्यात जातात. दगड हातानं उलटू नका, आधी टिकासानं सरकवा. थंडीत विंचू आणि घोणस तिथेच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते बघून ठेवा. जंगलाला लागून नाला असेल तर नीट उजाडल्याशिवाय कोणी एकट्यानं जाऊ नये. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, वीस लिटरचे नऊ-दहा जार.

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दोघांनी जाऊन गळती बघायची, ओली माती घेऊन जायची. पाण्यात रंगवलेली काठी रोवा, दर रविवारी काठच्या शेतकऱ्यानं आकडा वहीत लिहायचा, आणि पहिल्या महिन्याचे चार आकडे वक्त्यालाही कळवा. पुढच्या वर्षी ते स्वतःहून विचारतात. पोत्यांचं मात्र लक्षात ठेवा: ती उन्हानं सात-आठ महिन्यांत विरतात आणि प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या वावरांत पसरतात. शिवाय पहिल्या पुरात उभा राहिलेला बांध काठ कापतो. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा माणसं, अर्धा दिवस: वाळू तिथेच ओतायची, पोती गोळा करून भंगारात. ती तारीख आणि त्या दहा जणांची नावं निमंत्रणपत्रिकेतच छापा.